अटलांटिक ओलांडणारें लघुविमान

लहान विमानें करून उडविण्याचा छंद हा एक पोरखेळ आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. मैदानावर एखादा प्रौढ गृहस्थ हातांत लहानशी पेटी धरून आकाशाकडे टक लावून उभा असलेला दिसला, कीं येणारेजाणारे मनांतल्या मनांत हंसतात. परंतु त्या गृहस्थाच्या डोक्यावर जी वस्तु घिरट्या घालीत असते, तिला खऱ्या विमानाचे सारे नियम लागू असतात. तिला वजन असतें, वाऱ्याचा विरोध असतो, एंजिनाची भूक असते; आणि तिच्यांत वैमानिक बसलेला नसल्यामुळें कारागिराच्या हातून राहून गेलेली उणीव हवेंत भरून काढण्यास कोणी नसतें. घरच्या कामाच्या खोलींत बसून या छंदांत माणसाला कोठपर्यंत पोंचतां येतें, याचें एक उदाहरण २००३ सालीं जगासमोर आलें. सत्याहत्तर वर्षांच्या, दृष्टि जवळजवळ गेलेल्या एका गृहस्थांनीं घरीं बनविलेलें, पांच किलोंहूनही किंचित् हलकें असें विमान अमेरिका खंडाच्या किनाऱ्यावरून निघालें आणि अटलांटिक महासागर ओलांडून आयर्लंडमध्यें उतरलें. हें कसें साधलें तें समजण्यासाठीं या विमानांची घडण आणि त्यांना लागणारी शक्ति या दोन गोष्टींची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे.

बिनतारी लहरींच्या योगानें दूरची वस्तु चालवितां येते, हें निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एका लहान बोटीच्या साहाय्यानें लोकांना दाखविलें. पाण्यावरून हवेंत जाण्यास मात्र आणखी जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. अमेरिकेंत मिशिगन राज्यांतील कॅलॅमाझू या गांवीं वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनीं १९३७ सालीं ‘गफ’ नांवाचें आपलें विमान बिनतारी नियंत्रणानें उडविलें. त्याचे पंख एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत आठ फूट होते. त्या काळीं बिनतारी यंत्र म्हणजे कांचेचे व्हाल्व्ह आणि जड बॅटऱ्या यांचें गांठोडें असे. एवढें ओझें उचलावयाचें तर पंख मोठे असल्यावांचून गत्यंतर नव्हतें. हें विमान १९६० सालीं वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या स्वाधीन करण्यांत आलें. पुढें ट्रान्झिस्टर आले, बिनतारी यंत्र आगपेटीएवढें झालें आणि मोठें विमान ही गरज न राहतां आवडीची बाब बनली.

तथापि मोठें विमान म्हणजे लहान विमानाची फुगविलेली आवृत्ति नव्हे. लांबी, रुंदी आणि जाडी हीं तिन्ही दुप्पट केलीं, तर पंखाचें क्षेत्रफळ चौपट होतें, परंतु वजन आठपट वाढतें. उचलणारा वाढला चौपट आणि ओझें वाढलें आठपट, असा हा विषम व्यवहार आहे. म्हणून मोठें विमान करणाऱ्याला प्रत्येक भाग आंतून पोखरून, जाळीदार करून, हलका करावा लागतो. अमेरिकेंतील शौकीन लोक ८० इंच किंवा त्याहून अधिक विस्ताराच्या एकपंखी विमानाला ‘मोठें’ म्हणतात. अशा विमानाला वाऱ्याची झुळूक सहज उधळून लावीत नाहीं आणि त्याचा पंख हवेंतून अधिक काटकसरीनें काम काढून घेतो, हा मोठेपणाचा लाभ. त्याची किंमत कारागिराला आपल्या हातांनीं चुकवावी लागते.

या विमानांचें मुख्य लांकूड बाल्सा. तें दक्षिण अमेरिकेंतून, विशेषतः एक्वादोर देशांतून येतें. तें पाण्याच्या सुमारें सहाव्या हिश्श्याइतकेंच जड असतें. मात्र एकाच गठ्ठ्यांतील दोन फळ्यांच्या वजनांत दुपटीचाही फरक निघतो. म्हणून जाणता कारागीर फळीवर करवत चालविण्यापूर्वीं ती कांट्यावर ठेवतो. जड आणि चिवट फळी पंखाच्या मुख्य दांड्यासाठीं, मध्यम फळी बरगड्यांसाठीं आणि सर्वांत हलकी शेपटीसाठीं, अशी तो वांटणी करतो. शेपटीकडे विशेष लक्ष देण्याचें कारण असें कीं, ती विमानाच्या तोलबिंदूपासून फार दूर असते. तेथें एक ग्रॅम वाढला तर तोल सांभाळण्यासाठीं नाकाकडे कित्येक ग्रॅम शिसें घालावें लागतें. सांगाडा तयार झाला, कीं कांचकागदानें घासून गुळगुळीत करावयाचा आणि त्यावर पातळ आवरण चढवावयाचें. पूर्वीं रेशीम अथवा कागद लावून वर रोगण देत. नंतर प्लॅस्टिकचा पापुद्रा आला, जो कोमट इस्त्री फिरवितांच ताणून बसतो. एक शेगडा, चार कानशी, बारीक करवत, गिरमिट, डाख देण्याचें साधन आणि एक विश्वासू कांटा एवढी सामग्री असली, कीं घरांतील एखादी खोली विमानाचा कारखाना होऊं शकते.

विमान घडविण्यापेक्षां त्याला शक्ति पुरविणें अधिक अवघड. यासाठीं तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग मेथिल अल्कोहोलवर चालणाऱ्या लहान एंजिनाचा. या एंजिनांत विजेची ठिणगी पाडावी लागत नाहीं. प्लॅटिनमयुक्त बारीक तार आरंभीं विजेनें लाल केली, कीं पुढें जळत्या इंधनाच्याच योगानें ती तापलेली राहते. इंधनांत वंगण म्हणून एरंडेल तेल मिसळण्याची जुनी वहिवाट आहे. मुलांना नकोसें वाटणारें एरंडेल या विमानांना मात्र मानवतें. दुसरा मार्ग पेट्रोल-एंजिनाचा. त्यास ठिणगी पाडणारी विजेची योजना लागते, तिचें वजन वाहावें लागतें, आणि ठिणगीमुळें बिनतारी यंत्रांत खरखर उत्पन्न होऊं नये म्हणून तारांवर धातूचें वेष्टनही द्यावें लागतें. झाडें कापण्याच्या यंत्रकरवतींचीं एंजिनें सुधारून तीं मोठ्या लघुविमानांना बसविण्याची युक्ति याच मार्गांतली. तिसरा मार्ग विजेच्या मोटरीचा. लिथियमच्या बॅटऱ्या आल्यापासून तो फार लोकप्रिय झाला आहे. कारण त्यांत ना धूर, ना तेलाचे डाग, ना शेजाऱ्यांची तक्रार.

दहा-पंधरा मिनिटें मैदानावर फिरवावयाचें असेल, तर यांपैकीं कोणताही मार्ग चालेल. दूर जावयाचें झालें म्हणजे मात्र निवड आपोआप ठरते. एक किलो मेथिल अल्कोहोलमध्यें जेवढी उष्णता असते, तिच्या दुपटीहून अधिक उष्णता एक किलो पेट्रोलमध्यें असते. बॅटरींतील शक्ति पेट्रोलच्या मानानें फारच थोडी. शिवाय ती संपली तरी बॅटरीचें वजन विमानाला शेवटपर्यंत वाहावें लागतें. पेट्रोल जसजसें जळतें, तसतसें विमान हलकें होत जातें आणि तें उडत ठेवण्यास उत्तरोत्तर कमी शक्ति पुरते. म्हणजे लांबच्या प्रवासांत खरा प्रश्न एंजिन किती बलवान् आहे हा नसून, तें किती मिताहारी आहे, हा असतो.

हा प्रश्न ज्यांनीं आयुष्यभर धसास लावला ते गृहस्थ म्हणजे मेनार्ड हिल. त्यांचा जन्म १९२६ सालीं झाला. व्यवसायानें ते धातुशास्त्रज्ञ होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं नोकरी केली आणि मेरिलंड राज्यांत सिल्व्हर स्प्रिंग येथें त्यांचें वास्तव्य होतें. लघुविमानांच्या उंचीचे, वेगाचे, अंतराचे आणि कालावधीचे मिळून सुमारें पंचवीस जागतिक विक्रम त्यांच्या नांवावर जमा झाले. १९७० सालीं त्यांचें एक विमान आठ हजार मीटरांहून अधिक उंच गेलें. आपल्या कळसूबाईच्या शिखराची सुमारें पांचपट उंची ती. १९९२ सालीं त्यांचें दुसरें एक विमान ३३ तासांहून अधिक काळ हवेंत राहिलें. तेहेतीस तास जें विमान खालीं उतरल्यावांचून फिरूं शकतें, त्याला महासागर कां ओलांडतां येऊं नये, असा विचार अशा माणसाच्या मनांत येणें स्वाभाविकच होतें.

अडचण एवढीच होती कीं, हा विचार सिद्धीस नेण्याची वेळ आली तोंपर्यंत त्यांच्या डोळ्यांनीं त्यांची साथ सोडली होती. कायद्याच्या व्याख्येनें ते अंध ठरत होते. कानांनींही फार कमी ऐकूं येत होतें. ज्या कामांत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालेला खपत नाहीं, तें काम अशा स्थितींत करावयाचें होतें. पन्नास वर्षांच्या सरावानें बोटांच्या ठायीं जें ज्ञान उतरलें होतें, तें डोळे गेल्यानें गेलें नव्हतें. आणि जें बोटांनाही कळण्याजोगें नव्हतें, त्यासाठीं मित्रमंडळी मदतीस उभी होती. म्हातारपणीं माणसानें हातांतलें काम खालीं ठेवावें, अशी जगाची अपेक्षा असते. हिल यांनीं याच वयांत सर्वांत अवघड काम हातीं घेतलें.

आंतरराष्ट्रीय विक्रमाचे नियम कडक होते. इंधन धरून विमानाचें वजन ५ किलोंहून अधिक असतां कामा नये आणि एंजिनाचें घनमान १० घनसेंटिमीटरांपलीकडे जातां कामा नये. एवढ्या मर्यादेंत सुमारें तीन हजार किलोमीटरांचा समुद्र पार करावयाचा होता. हिल यांच्या विमानाचा विस्तार सुमारें १८३ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट होता. रिकामें असतां तें २ किलो ७०५ ग्रॅम भरे. टांकी भरल्यावर ४ किलो ९८७ ग्रॅम. नियमाच्या मर्यादेला अवघे १३ ग्रॅम उरलेले. म्हणजे सांगाडा, आवरण, एंजिन, बिनतारी यंत्र, दिशादर्शक यंत्र आणि बॅटऱ्या या सर्वांच्या वांट्याला अर्ध्याहून थोडें अधिक वजन आणि उरलेलें सारें इंधनाला. निघतांना ज्या विमानाचें जवळजवळ निम्में वजन इंधनाचें आहे, त्याचा तोल पोंचतांना बिघडूं नये, म्हणून टांकी तोलबिंदूजवळच बसवावी लागते. पुढेंमागें ठेवलेली टांकी रिती होतां होतां विमानाला नाकावर अगर शेपटीवर कलंडवील.

एंजिन होतें बाजारांत मिळणारें, जपानी बनावटीचें, चार फेरींचें, दहा घनसेंटिमीटरांचें. मूळचें तें मेथिल अल्कोहोलवर चालावयाचें. त्यास ठिणगीची योजना बसवून, कार्ब्युरेटरमध्यें फेरफार करून, तें पेट्रोलजातीच्या इंधनावर चालेल असें केलें. इंधन म्हणून निवडलें तें सहलीच्या कंदिलांत जाळण्याचें शुद्ध तेल. तें सुमारें साडेतीन लिटर बरोबर न्यावयाचें आणि तेवढ्यांत जवळजवळ एकोणचाळीस तास काढावयाचे, म्हणजे तासाला सुमारें नव्वद मिलिलिटर, मिनिटाला दीड. औषधाच्या चमच्यांत मावणारें पांच मिलिलिटर तेल या एंजिनाला तीन मिनिटांहून अधिक पुरवून खावें लागणार होतें. तेलाची धार किंचित् वाढली तर किनारा दिसण्यापूर्वींच टांकी कोरडी पडणार. किंचित् कमी झाली तर एंजिन गुदमरून बंद पडणार. ‘थेंबें थेंबें तळें सांचे’ असें आपण म्हणतों. येथें तळें अगोदरच भरून ठेवलेलें होतें आणि त्यांतला थेंब न् थेंब केव्हां आणि कसा खर्च व्हावा, हें ठरवावयाचें होतें.

राहिला प्रश्न वाट दाखविण्याचा. मैदानावरील माणूस विमान चालवूं शकतो तो तें डोळ्यांना दिसतें तोंपर्यंतच. म्हणून आरंभीं आणि शेवटीं माणसानें नियंत्रण करावें आणि मधल्या समुद्रावर विमानानें आपलें आपण जावें, अशी योजना ठरली. आकाशांतील उपग्रहांवरून आपलें स्थान ओळखणारें चिमुकलें यंत्र विमानांत होतें. वाटेवरील अक्षांश-रेखांश त्याला अगोदर पढविलेले होते. याशिवाय विमानाची खबर अधूनमधून उपग्रहामार्फत पाठविणारें एक यंत्रही होतें.

या विमानांना ‘ट्रान्स अटलांटिक मॉडेल’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘टॅम’ असें नांव होतें. २००२ सालच्या ऑगस्टमध्यें न्यूफाउंडलंडहून तीन प्रयत्न झाले आणि तिन्ही फसले. समुद्रावर पडलेलें विमान परत मिळत नाहीं; त्यामुळें दोष एंजिनाचा, यंत्राचा कीं हवेचा हें हातांत घेऊन पाहण्याचीही सोय नसते. मंडळी घरीं परतलीं आणि वर्षभर पुन्हां कामाला लागलीं. ८ ऑगस्ट २००३ रोजीं चौथें विमान सोडलें. तेंही समुद्रांत गेलें. दुसऱ्याच दिवशीं संध्याकाळीं पाऊणेआठच्या सुमारास, केप स्पिअर या उत्तर अमेरिका खंडाच्या अगदीं पूर्वेकडील टोंकावरून, हिल यांनीं स्वतः पांचवें विमान हातानें हवेंत फेंकलें. सहकाऱ्यानें त्याला वर नेऊन सुमारें तीनशें मीटरांवर स्थिर केलें, स्वयंचलित यंत्र चालू केलें आणि विमान अंधारत्या समुद्रावर दिसेनासें झालें.

दोन रात्री आणि त्यांमधला एक दिवस तें उडत राहिलें. वाटेंत एकदां कांहीं तास त्याच्याकडून खबर येणें बंद पडलें. चार विमानें गमावलेल्या माणसांनीं त्या मौनाचा काय अर्थ घेतला असेल, हें सांगावयास नको. नंतर संदेश पुन्हां येऊं लागले. विमान आपल्या मार्गावरच होतें. ११ ऑगस्टला दुपारीं दोनच्या सुमारास आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लिफडेनजवळ मॅनिन येथील पुळणीवर जमलेल्या लोकांना तें दृष्टीस पडलें. तेथें वाट पाहत असलेल्या डेव्ह ब्राऊन यांनीं नियंत्रण हातीं घेऊन तें सुखरूप उतरविलें. प्रवासास ३८ तास, ५२ मिनिटें आणि १९ सेकंद लागले होते. अंतर ३,०२८ किलोमीटर. सरासरी वेग तासाला सुमारें ७८ किलोमीटर. टांकीच्या तळाशीं अगदीं थोडें इंधन उरलें होतें. अंतर आणि कालावधि या दोहोंचे जागतिक विक्रम या एका उड्डाणानें नोंदविले गेले.

उतरण्याची जागा हेतुपूर्वक निवडलेली होती. १९१९ सालच्या जून महिन्यांत अल्कॉक आणि ब्राऊन हे दोन वैमानिक न्यूफाउंडलंडहून निघून, कोठेंही न थांबतां अटलांटिक प्रथम ओलांडून, याच क्लिफडेनजवळच्या दलदलींत येऊन उतरले होते. त्यांच्या विमानाचा विस्तार वीस मीटरांहून अधिक, एंजिनें दोन, बरोबर पेट्रोल सुमारें ३,९०० लिटर, आणि प्रवासाचा वेळ सुमारें सोळा तास. त्यानंतर चौऱ्यायशीं वर्षांनीं तीच वाट साडेतीन लिटरांत पार झाली. अर्थात् त्या दोघां शूरांच्या विमानांत जिवंत माणसें होतीं आणि या विमानांत कोणी नव्हतें. तेव्हां धैर्याची तुलना येथें करावयाची नाहीं. तुलना आहे ती हिशेबाची. मोठ्या कारखान्याला एखादा भाग जड झाला तर अधिक बळाचें एंजिन बसवितां येतें. घरच्या खोलींत काम करणाऱ्याला, आणि त्यांतून पांच किलोंच्या नियमानें बांधलेल्याला, ती सोय नाहीं. त्याला फळी पुन्हां तोलावी लागते, बरगडी पुन्हां घांसावी लागते, तेलाची सुई आणखी केसभर फिरवून एंजिन पुन्हां तासभर चालवून पाहावें लागतें. अटलांटिक पार झाला तो या कंटाळवाण्या कामाच्या जोरावर.

मेनार्ड हिल २०११ सालीं निवर्तले. त्यांच्या पांचव्या विमानाला जें नांव दिलें होतें, तेंही सांगण्याजोगें आहे. १९२७ सालीं लिंडबर्ग एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला उडून गेला, तेव्हां त्यानें आपल्या विमानाला, पैसा पुरविणाऱ्या सेंट लुई शहराचें नांव दिलें होतें. हिल आणि त्यांच्या सोबत्यांच्या पाठीशीं कोणतेंही शहर नव्हतें. बीचर बट्स नांवाच्या एका स्नेह्यानें चांचणीच्या उड्डाणांसाठीं आपलें शेत त्यांना मोकळें करून दिलें होतें. म्हणून महासागर ओलांडणाऱ्या त्या विमानाचें नांव होतें, ‘द स्पिरिट ऑफ बट्स फार्म’.